गुपित दोघांचं, धृपद सगळ्यांचं

पुण्यात साल्साच्या वर्गाला जायला लागले तेव्हा पहिले दोन महिने मी फक्त आकडे ऐकले. एक-दोन-तीन, पाच-सहा-सात. चार आणि आठ रिकामे. तिथे पाय क्षणभर थांबतात. वर्ग संपत आला की सर नेहमी एक ठरावीक गाणं लावायचे. मऊ आवाजाचा गायक, मागे जणू हातचं राखून वाजणारे ट्रम्पेट, आणि अशी लय की नवशिक्यालाही गिरकी जमावी. आम्ही सगळे हसतमुखाने त्यावर नाचायचो.

वर्षभराने स्पॅनिश शिकायला लागल्यावर त्या गाण्याचे शब्द कागदावर उतरवून काढले. नाव होतं ‘के लोकुरा एनामोरार्मे दे ती’, म्हणजे ‘तुझ्या प्रेमात पडणं, केवढा हा वेडेपणा’. गायक पोर्तो रिकोचा एडी सांतियागो, गाणं १९८६ च्या सुमाराचं. हा माणूस कबूल करतो की जिच्यात जीव गुंतला तिला आधीच ‘दुएन्यो’ आहे, हे त्याला ठाऊक होतं. दुएन्यो म्हणजे धनी, मालक. आपल्याकडेही जुन्या बायका नवऱ्याला ‘धनी’ म्हणत, त्यामुळे हा शब्द मला अंगावर आल्यासारखा झाला. दुसऱ्याच्या बायकोवर जडलेल्या जिवाचं दुःख होतं ते, आणि आम्ही वीस माणसं त्यावर आनंदाने गिरक्या घेत होतो.

मग मी शोधतच गेले. साल्सा रोमांतिका नावाच्या या प्रकारात चोरून केलेल्या प्रेमाची गाणी एवढी का? आणि असं लपवायचं दुःख नाचाच्या तालावर, सगळ्यांच्या देखत कसं गायलं जातं? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला गाण्याच्या बांधणीत सापडलं, म्हणून आधी बांधणीच समजून घेऊ.

साल्साचं गाणं साधारणपणे दोन खोल्यांच्या घरासारखं असतं. पहिली खोली म्हणजे कान्तो. इथे गायक एकटा गोष्ट सांगतो, कडव्यांमधून. दुसऱ्या खोलीचं नाव मोंतुनो. इथे गोष्ट थांबते आणि सवाल-जवाब सुरू होतात. मागे उभे असलेले तीन-चार जण एकच ओळ पुन्हापुन्हा म्हणतात, त्यांना कोरो म्हणायचं. त्या दोन ओळींच्या मधल्या फटीत मुख्य गायक दरवेळी नवं काहीतरी टाकतो. त्या टाकलेल्या ओळीला सोनेओ म्हणतात आणि ती जागच्या जागी रचू शकणाऱ्या गायकाला सोनेरो. पोवाडा ऐकलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. शाहीर पुढे, झीलकरी मागे. शाहीर कथा सांगतो, झीलकरी ‘जी जी रं’ची झील धरतात, आणि डफ-तुणतुण्यासोबत सगळी सभा त्यात ओढली जाते.

या सगळ्याच्या तळाशी क्लावे असतो. दोन लाकडी दांड्या एकमेकींवर आपटून वाजवायचा पाच ठोक्यांचा साचा: एका मात्रागटात तीन, दुसऱ्यात दोन. कोंगा, बोंगो, तिंबालेस, पियानो, बास, सगळे त्या पाच ठोक्यांना धरून चालतात. कधी दांड्या प्रत्यक्ष वाजतच नाहीत, तरी प्रत्येक वादकाच्या डोक्यात त्या सुरू असतात. पहिल्या खोलीतून दुसरीत गेल्याची खूण मात्र कानाला स्पष्ट कळते. कडवी चालू असतात तोवर बोंगोवाला बोटांनी हलकं वाजवत असतो. मोंतुनो आला की तो बोंगो बाजूला ठेवून हातात लोखंडी घंटा घेतो, गाईच्या गळ्यात असते तशी, आणि लाकडी दांड्याने ती ठणकवायला लागतो. घंटा आली की नाचणाऱ्यांच्या अंगात वेगळंच वारं भरतं.

आता त्या घरात चोरट्या प्रेमाची गोष्ट ठेवून पाहा. पहिल्या खोलीत एक माणूस हळू आवाजात आपलं गुपित सांगतो. दुसऱ्या खोलीत जाताच तेच गुपित कोरो मोठ्याने म्हणू लागतो, पुन्हापुन्हा, घंटेच्या तालावर. जे कुणाला कळू नये ते चौघे मिळून गातात आणि शेकडो लोक त्यावर नाचतात. बोलेरो नावाच्या संथ प्रेमगीतांत असं घडत नाही, बॅलडमध्येही नाही. साल्सातलं निषिद्ध प्रेम इतर गाण्यांहून वेगळं वाटतं ते या दुसऱ्या खोलीमुळे, असं माझं ठाम मत आहे. हा कोरो कुणाच्या बाजूने बोलतो हे एकदा ऐकायची सवय लागली की प्रत्येक गाणं निराळं दिसायला लागतं.

विषय अर्थातच साल्सापेक्षा जुना आहे. साल्साच्या आधी बोलेरो होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पूर्व क्यूबातल्या सांतियागो शहरात गिटारवर जन्मलेला हा संथ गीतप्रकार पुढे मेक्सिकोपासून आर्जेंटिनापर्यंत पसरला. बोलेरोचं निम्मं जग ताटातुटीवर उभं आहे. पेद्रो हुन्को या पिनार देल रिओच्या तरुणाचं ‘नोसोत्रोस’, म्हणजे ‘आपण दोघं’, हे गाणं घ्या. एवढं प्रेम असूनही आपल्याला वेगळं व्हावं लागेल, का ते विचारू नकोस, इतकंच तो सांगतो. कारण शेवटपर्यंत येत नाही. हुन्को १९४३ मध्ये अवघ्या तेविसाव्या वर्षी क्षयाने गेला, आणि त्याने कारण लपवलं ते आजारापायी, अशी आख्यायिका क्यूबात घरोघरी सांगतात. आख्यायिका खरी असो वा नसो, न सांगितलेल्या कारणामुळेच ते गाणं जगलं. ज्याच्या प्रेमाआड जी भिंत असेल ती त्याने त्या रिकाम्या जागी ठेवावी.

साल्सा उभा राहिला तो वेगळ्याच हवेत. १९६४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये डोमिनिकन वादक जॉनी पाचेको आणि वकील जेरी मासुची यांनी फानिया ही रेकॉर्ड कंपनी काढली. क्यूबाचा सोन आणि माम्बो, पोर्तो रिकोचे बोम्बा आणि प्लेना हे नाचसंगीताचे प्रकार, शेजारच्या गल्लीतला जॅझ, हे सगळं हार्लेम आणि ब्राँक्सच्या वस्त्यांमध्ये एकत्र उकळून साल्सा झाला. तिखट ट्रॉम्बोन, लांबलचक मोंतुनो, आणि गाण्यांत गल्ली: गुंड, बेकारी, स्थलांतर, वर्ण. प्रेम होतंच, पण तेही गल्लीतलं, चार लोकांच्या नजरेसमोरचं.

ऐंशीच्या दशकात हे बदललं. फानियाचा जोर ओसरला होता. डोमिनिकन रिपब्लिकचा मेरेंगे न्यूयॉर्क आणि पोर्तो रिकोतल्या नाचघरांमध्ये साल्साची जागा घेत होता. पावलं सोपी, वेग जास्त. तेव्हा फानियात मुरलेले संगीत-संयोजक लुई रामिरेस यांनी ‘नोचेस कालिएन्तेस’, म्हणजे ‘तापलेल्या रात्री’, हा अल्बम केला. कल्पना साधी होती. रेडिओवर आधीच गाजलेली स्पॅनिश प्रेमगीतं, ज्यांना तिथे बालादा म्हणतात, ती घ्यायची आणि त्यांच्याखाली साल्साचा ठेका घालायचा. शब्द लोकांना पाठच होते. ठेका पायांत होता. दोन्ही जुळलं आणि साल्सा रोमांतिका चालू लागली.

गायक फ्रँकी रुईसने १९८५ मध्ये एकट्याच्या नावावरचा पहिला अल्बम काढला. त्यातलं ‘तू कोन एल’ हे उरुग्वेच्या लोस इराकुंदोस या गटाचं बालादा होतं, आणि ‘एस्ता कोबार्दिया’, म्हणजे ‘हा भेकडपणा’, स्पेनच्या चिकेतेते या गायकाचं. ‘तू कोन एल’चा अर्थ ‘तू त्याच्याबरोबर’. स्पॅनिशमध्येही तू म्हणजे तूच. या एका शब्दापाशी मला ती भाषा घरची वाटली होती. मग एडी सांतियागो आला, निकाराग्वाचा लुईस एनरिके आला, आणि १९८८ मध्ये लालो रोद्रिगेसचं ‘वेन, देवोरामे ओत्रा वेस’, म्हणजे ‘ये, मला पुन्हा एकदा खाऊन टाक’, एवढं गाजलं की तो प्रकारच त्या गाण्याने ओळखला जाऊ लागला. हा लालो म्हणजे सोळाव्या वर्षी एडी पालमिएरीच्या वाद्यवृंदाच्या अल्बमवर गाणारा पोरगा; त्या अल्बमला लॅटिन संगीताचं पहिलं ग्रॅमी मिळालं होतं. कडक साल्सात वाढलेला गायक शेजघराच्या गाण्यांकडे वळला यावर जुने रसिक हळहळले.

बालादा आलं ते आपले विषय सोबत घेऊनच. बालादाचा आवडता विषय म्हणजे त्रिकोण: लग्न झालेली ती, बाहेरचा तो, आणि गाण्यात कधीच न दिसणारा तिसरा. ही गाणी कुठून येत होती ते पाहिलं की यामागचं एक कारण हाती लागतं. हुकूमशहा फ्रँकोच्या दीर्घ राजवटीनंतर स्पेनमध्ये घटस्फोटाचा कायदा झाला तो १९८१ मध्ये. आर्जेंटिनात, पन्नाशीच्या दशकातला थोडा काळ वगळता, १९८७ पर्यंत नवरा-बायकोला वेगळं होता येत असे, पण दुसरं लग्न करता येत नसे. कोलंबियात चर्चमध्ये लागलेलं लग्न कायद्याने मोडायची सोय १९९२ मध्ये आली, चिलेत तर २००४ मध्ये. म्हणजे ही गाणी लिहिणारी आणि ऐकणारी एक अख्खी पिढी अशा समाजात वाढली जिथे चुकलेल्या लग्नातून बाहेर पडायला दारच नव्हतं. दार नसलेल्या घरात खिडकीला महत्त्व येतं. ‘आपलं प्रेम जगाला मान्य नाही’ ही ओळ आज नाटकी वाटते, पण त्या काळी कित्येकांसाठी ती कायद्यातली वस्तुस्थिती होती. पोर्तो रिकोमध्ये घटस्फोट खूप आधीपासून होता, पण तिथेही छोटं बेट, मोठी कुटुंबं, रविवारचं चर्च. लोक बोलतील ही भीती कायद्याहून कमी नव्हती.

त्या बेटावर या प्रेमाची एक ठरलेली जागाही होती. डेव्हिड पाबोनचं ‘आकेल विएखो मोतेल’, ‘ते जुनं मोटेल’, हे रोमांतिकाच्या भराच्या काळातलं गाणं आजही लॅटिन वस्त्यांमध्ये लोक तोंडपाठ म्हणतात. त्यातलं मोटेल समजून घ्यायला हवं. ते प्रवासात मुक्काम करायचं ठिकाण नव्हे. पोर्तो रिको, कोलंबिया अशा ठिकाणी रस्त्याकडेची ही मोटेलं तासावर मिळतात. प्रत्येक खोलीला स्वतःची बंद मोटारखोली असते. गाडी आत गेली की दार खाली, म्हणजे नंबरपाटीसुद्धा कुणाला दिसू नये. पैसे छोट्या झरोक्यातून. घरात आजीपासून नातवापर्यंत सगळे एकत्र राहणाऱ्या समाजात दोघांना एकांत मिळायची ती एक जागा. गाण्यात नुसतं ‘मोटेल’ म्हटलं की ऐकणाऱ्याला सगळी गोष्ट कळते.

कोलंबियाच्या काली शहरातल्या ग्रुपो नीचेने १९९० मध्ये ‘ऊना आवेन्तूरा’ केलं, तेही याच जगातलं. घड्याळाकडे पाहिलं नाही तर हे धाडस जास्त सुंदर, दोघंच पळून गेलो तर जास्त सुंदर, असं ते म्हणतं. घड्याळ या गाण्यांमध्ये फिरून फिरून येतं. ज्यांच्याकडे रात्र असते ते घड्याळ पाहत नाहीत. ज्यांच्याकडे दोनच तास असतात त्यांना ते विसरावं लागतं.

यावर टीका पुष्कळ झाली. साल्सा मोंगा म्हणाले, म्हणजे लुळा साल्सा. साल्सा दे आल्कोबा, शेजघराचा साल्सा. गल्ली गेली, राजकारण गेलं, तिखटपणा गेला, सगळे गायक एकसारखे वाटायला लागले. यातलं बरंच मला पटतं. पण टीकाकार शब्दांबद्दल जेवढं बोलले तेवढं बांधणीबद्दल बोलले नाहीत, आणि खरा बदल तिथे झाला होता. रोमांतिकात पहिली खोली मोठी झाली, दुसरी आक्रसली. मोंतुनो छोटा, सोनेओ बहुतेक वेळा आधीच लिहिलेले, सिंथेसायझरच्या मऊ गादीवर ठेवलेले. कोरो तर प्रियकराचीच ओळ म्हणू लागला. तो म्हणतो ‘काय हा वेडेपणा’, तेही म्हणतात ‘काय हा वेडेपणा’. झीलकरी शाहिराचीच सावली झाले. त्यामुळे गाण्यात प्रेमाला अडवणारं कुणीच उरत नाही. नवऱ्याला नाव नाही, सासू नाही, शेजारीण नाही. भिंत आहे असं गायक सांगतो, पण भिंतीचा आवाज ऐकू येत नाही.

भिंतीचा आवाज ऐकायचा असेल तर थोडं मागे जावं लागतं, ‘लिहिया एलेना’कडे. पनामाचा रुबेन ब्लेड्स आणि ब्राँक्सचा विली कोलोन यांच्या १९८१ च्या अल्बममधलं हे गाणं. साल्सातल्या निषिद्ध प्रेमाचं एकच गाणं कुणाला ऐकवायचं झालं तर मी हेच ऐकवीन. उच्चभ्रू घराण्यातली भोळी पोर लिहिया एलेना वस्तीतल्या एका ट्रम्पेटवाल्याबरोबर पळून जाते. आईबाप तिला शोधत फिरतात, आपलं कुठे चुकलं म्हणून कपाळ बडवतात. ती दोघं एका लहानशा खोलीत, जेमतेम सामानात, मजेत राहतात. बस, गोष्ट एवढीच.

पण दुसऱ्या खोलीत काय होतं ते ऐका. इथला कोरो प्रेमिकांचे शब्द उसने घेत नाही. तो गल्लीतल्या लोकांसारखा बोलतो: लिहिया एलेना खूश आहे आणि तिच्या घरचे गुदमरलेत. एवढी एकच ओळ, पुन्हापुन्हा. दारात उभं राहून शेजाऱ्यांनी एकमेकांना बातमी द्यावी तशी. आणि त्या ओळींच्या मधल्या फटीत ब्लेड्स त्या आईचा आवाज काढतो. ती रडत कुणातरी बाईपाशी गाऱ्हाणं सांगते की मला कसा नातू हवा होता: केस सोनेरी, डोळे सोनेरी, दातसुद्धा सोनेरी, हॉलिवूडच्या ट्रॉय डोनाह्यूसारखा. भिंत कशाची आहे ते त्या दातांवरून स्वच्छ कळतं. ट्रम्पेटवाला गरीब आहे हे तर आहेच, पण आईला रात्री झोप लागत नाही ती नातवाच्या रंगाच्या काळजीने. लॅटिन अमेरिकेत स्वतःला वर्णद्वेषी कुणी म्हणवून घेत नाही, सगळेच मिसळलेले, असं अभिमानाने सांगतात. ब्लेड्सने ती अभिमानाची शिवण एका आईच्या तोंडून उसवली. आपल्याकडे वधू-वर सूचक जाहिरातीत ‘गोरा वर्ण’ छापणाऱ्या घरांना ही आई परकी वाटणार नाही.

याच काळात आणखी दोन गाणी झाली, रोमांतिकाच्या बाहेरची, ज्यांत कोरोने अगदी वेगळी बाजू घेतली. कोलंबियाच्या जो आरोयोचं १९८६ चं ‘ला रेबेलियोन’, म्हणजे ‘बंड’. गोष्ट सोळाशेच्या काळातली, कार्ताहेना बंदरातली. आफ्रिकेतून आणलेलं एक जोडपं, एका स्पॅनिश मालकाचे गुलाम. मालक बाईला मारतो आणि तिचा नवरा उलटून उठतो. ही दोघं नवरा-बायको आहेत, पण ज्यांच्या देहावर दुसऱ्याचा हक्क आहे त्यांचं लग्नही मालकाच्या मर्जीवर. आता ‘दुएन्यो’ हा शब्द पुन्हा आठवून पाहा. एडी सांतियागोच्या गाण्यात तो अलंकार होता. कार्ताहेनाच्या त्या अंगणात तो खरीखुरा मालक आहे, हातात चाबूक असलेला. इथला कोरो एकच ओळ म्हणतो: त्या काळ्या बाईला मारू नका. आख्खी गर्दी मधे पडते. मग पियानो एकटा सुटतो, आणि तो भाग आला की कोलंबियात लग्नाच्या मांडवातही सगळे नाचायचं थांबून हवेत पियानो वाजवतात.

दुसरं गाणं विली कोलोनचं ‘एल ग्रान वारोन’, १९८९ मधलं, पनामाच्या ओमार आल्फान्नोने लिहिलेलं. वारोन म्हणजे मर्द, बाप्या. सिमोन १९५६ च्या उन्हाळ्यात जन्मतो, बापाला केवढा अभिमान. मुलगा परदेशी जातो, बाईच्या वेषात राहू लागतो, बाप तोंड फिरवतो. १९८६ च्या उन्हाळ्यात सिमोन इस्पितळात एका ‘अनोळखी आजाराने’ मरतो आणि त्याच्यासाठी रडायला कुणी नसतं. एड्स हा शब्द गाण्यात नाही, पण ऐकणाऱ्या प्रत्येकाला तो ऐकू येतो. त्याचं कुणावर प्रेम होतं, कुणाचं त्याच्यावर होतं, हेही गाणं सांगत नाही. ते इतकं निषिद्ध होतं की त्याच्याबद्दलच्या गाण्यातही त्याला जागा मिळाली नाही. आणि कोरो? कोरो एक म्हण सांगतो: निसर्गाला सुधारता येत नाही, वाकडं उगवलेलं झाड कधी सरळ होत नाही. समाजाने एवढं बोलायचं धाडस केलं म्हणून तेव्हा या गाण्याचं कौतुक झालं, आणि ते योग्यच होतं. रेडिओवर हा विषय तोवर फारसा आलाच नव्हता. तरी आज ऐकताना ‘वाकडं’ हा शब्द मला दरवेळी टोचतो. ज्या पोराला मरताना कुणी भेटायला गेलं नाही त्याला मेल्यावरही झीलकऱ्यांनी वाकडाच म्हटलं. कोरोच्या तोंडी समाज असतो म्हणतात ते असं.

आतापर्यंतच्या बहुतेक गाण्यांत बोलणारा पुरुष होता. बाई म्हणजे जिला धनी आहे ती, मोटेलमध्ये वाट पाहणारी ती, मार खाणारी ती. संस्कृत काव्यशास्त्रात परक्याच्या पत्नीला परकीया म्हणतात. नावातच दुसऱ्याचा हक्क आला. पण परकीया स्वतः काय म्हणते? बोलेरोच्या काळात क्यूबाच्या गायिका ला लुपेने ती जागा थोडी मोकळी केली होती. तिची ‘ला तिराना’सारखी गाणी लिहिणारे तीते कुरेत आलोन्सो पोर्तो रिकोत टपालखात्यात नोकरी करत. पण रोमांतिकात बाईचा आवाज खरा घुमला तो नव्वदीत, ला इंडियाचा. या नावाचा आपल्या देशाशी संबंध नाही. तिकडे इंडिया म्हणजे मूळ रहिवाशांतली मुलगी. पोर्तो रिकोत जन्मलेली आणि ब्राँक्समध्ये वाढलेली ही गायिका मोठ्या, फाटायच्या बेताला आलेल्या आवाजात गाते. १९९७ च्या ‘मी मायोर बेन्गान्सा’मध्ये ती नवऱ्याच्या मैत्रिणीशी बोलते: माझा सगळ्यात मोठा सूड हाच, की तो आता तुझ्याकडेच राहील. त्रिकोणातला जो कोपरा इतकी वर्षं गप्प होता तो बोलला, आणि त्याने प्रियकर-प्रेयसीच्या सगळ्या मोटेलगाण्यांवर एका वाक्यात पडदा टाकला. बायकांच्या मैफलीत हे गाणं लागलं की कोरो कुणाला शिकवावा लागत नाही.

त्याआधी, १९९३ मध्ये, तिने आणि मार्क अँथनीने मिळून ‘विविर लो नुएस्त्रो’ गायलं होतं. दोघंही न्यूयॉर्कच्या क्लबांमध्ये इंग्रजी नाचगाणी म्हणत मोठे झालेले, साल्सात नवखे. राल्फ मेर्कादोंच्या आरएमएम कंपनीने आपल्या गायकांची जोडगाणी करून एक अल्बम काढला, संयोजन सर्जियो जॉर्जचं. गाण्यात दोघं म्हणतात की इतकं दूर उडून जाऊ जिथे आपल्या विचारांनाही कुणी आडवं येणार नाही, आणि जे आपलं आहे ते जगू. कोण आडवं येतंय ते याही गाण्यात सांगितलेलं नाही, अगदी ‘नोसोत्रोस’सारखंच. फरक एवढाच की इथे दोघंही गातात. चोरट्या प्रेमाच्या गाण्यांत हे फार क्वचित घडतं. नेहमी एकजण आठवत असतो आणि दुसरी आठवणीत असते. इथे ती समोर उभी आहे आणि त्याच्याइतक्याच जोराने ओढते आहे. शेवटाकडे दोघांचे आवाज एकमेकांवर चढत जातात, कोरोला मधे शिरायला जागा राहत नाही.

हे सगळं कळल्यावर वर्गात नाचणं बदललं का, असं एका मैत्रिणीने विचारलं. बदललं. कडव्यात मी आता हळू नाचते, कारण तिथे कुणीतरी काहीतरी कबूल करत असतं. घंटा आली की कान कोरोकडे जातात: हे लोक कुणाचे? प्रेमिकांचे, घरच्यांचे, की गल्लीचे?

‘लिहिया एलेना’च्या कडव्यांच्या शेवटी, कोरो सुरू होण्याआधी, ब्लेड्स त्या श्रीमंत वस्तीत परत जातो. आईबापांकडे नाही, तिच्या मैत्रिणींकडे. सगळ्या आपापल्या सुंदर खोल्यांमध्ये झोपायच्या तयारीत, ज्या प्रेमाबद्दल फक्त ऐकलंय त्याचा हेवा करत, देवाला विचारतात: देवा, माझा ट्रम्पेटवाला कधी येणार?